धुराडे ते धूलिकण : बडोद्याच्या वायव्येची हवा

बडोद्याचा औद्योगिक इतिहास लिहिताना बहुतेक लेखक कापसापासून आरंभ करतात. हवेचा इतिहास लिहावयाचा तर मात्र रसायनशास्त्रापासून आरंभ करणे अधिक योग्य होय. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविली. रंगाई व छपाईचे शास्त्र देशी भाषेतून शिकवावे, ही त्या संस्थेमागील दृष्टी होती. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन या तिघांनी ॲलेम्बिक केमिकल वर्क्सचा पाया घातला. कोटीभास्कर हे आडनाव आजच्या बडोदेकरांच्या बोलण्यात फारसे येत नाही, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते. अर्क, टिंक्चर, मद्यार्क अशा मालापासून सुरू झालेल्या या कारखान्याने बडोद्याला रासायनिक उद्योगाची पहिली ओळख दिली. १९४३ मध्ये साराभाई केमिकल्स आले. त्याच्या आगेमागे कापडाच्या व लोकरीच्या गिरण्या होत्या, लोखंडी कामाचे छोटे कारखाने होते, आणि त्या सर्वांवर विटांची उंच धुराडी होती.

या काळातील हवेची मोजमापे आपल्यापाशी नाहीत, कारण मोजण्याची कल्पनाच नव्हती. धुराकडे त्या वेळी उपद्रव म्हणून पाहिले जात असे. मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविषयीचा कायदा झाला. कलकत्त्यात तो त्याआधी, १९०५ मध्ये झाला होता. नव्या गुजरात राज्यानेही १९६३ मध्ये असाच कायदा केला. या कायद्यांचे हत्यार मोठे गमतीचे होते. रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक तक्ता तयार केला होता. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचे चौकोन असत. निरीक्षकाने तो तक्ता समोर धरावयाचा, धुराड्याकडे पाहावयाचे आणि धूर कोणत्या चौकोनाइतका काळा आहे ते टिपून घ्यावयाचे. म्हणजे जो धूर डोळ्यांना दिसतो तोच कायद्याला दिसे. कोळसा अर्धवट जळाला की काजळी उठते, आणि काजळी उठणे म्हणजे इंधन वाया जाणे. त्यामुळे मालकालाही धूर कमी करण्यात स्वारस्य होते. एवढ्यापुरते हे कायदे शहाणपणाचे होते. पण बिनरंगी गंधक डायऑक्साइड त्या तक्त्यावर कोणत्याच चौकोनात बसत नव्हता.

शिवाय त्या काळी शहरातील धूर केवळ गिरण्यांचा नव्हता. जुन्या वाड्यांतून पहाटे बंब पेटत, चुली पेटत, कोळशाच्या शेगड्या दारात वारा घालून फुलविल्या जात. हिवाळ्यात सकाळी दांडिया बाजारावर किंवा रावपुऱ्यावर जो निळसर थर तरंगताना दिसे, त्यात गिरणीचा वाटा किती आणि आमच्या बंबांचा किती हे सांगणे कठीण आहे. पूर्वीची हवा शुद्ध होती असे म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या बायकांच्या खोकल्याचाही हिशेब मांडावयास हवा.

संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारी खात्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या मराठी कुटुंबांना तो धक्का केवळ भावनिक नव्हता. खानगी, पागा, फडणिशी ही सारी दुनियाच आटोपली. विद्यापीठ व सरकारी कचेऱ्या यांनी काहींना सामावून घेतले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी जमिनीखालून एक वेगळाच आश्रय पुढे आला. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. ते तेल शुद्ध करण्यासाठी कोयली गावाची निवड झाली. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, सोव्हिएत साहाय्याने बांधणी झाली, १९६५ मध्ये पहिला विभाग चालू झाला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी गुजरात रिफायनरी राष्ट्राला अर्पण केली. पाठोपाठ खतांचा कारखाना १९६७ मध्ये उत्पादन देऊ लागला. १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या आय.पी.सी.एल.ची, स्थापना झाली. रणोलीकडे क्षार व क्लोरिनचा कारखाना सत्तरच्या दशकात आला. नंदेसरीची औद्योगिक वसाहत त्याच सुमारास वसली आणि तेथे रंगांची मध्यद्रव्ये, नायट्राइटे, आम्ले यांचे लहानमोठे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले.

नकाशा पाहिला तर कोयली, बाजवा, करचिया, धनोरा, रणोली, नंदेसरी, अनगड ही गावे शहराच्या वायव्येस, मही नदीपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात येतात. महीच्या गाळाची ही जमीन सकस, तंबाखू-भाजीपाल्याची. रेल्वेचा मोठा मार्ग येथून जातो, नदीचे पाणी जवळ, तेलक्षेत्रे दोन्ही बाजूंना. उद्योगासाठी जागेची निवड चोख होती. वाऱ्याचा विचार निवडीत किती झाला होता ते मात्र हिवाळ्यात कळते. उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून जोराने वाहतात, तेव्हा धूर शहरापासून दूर जातो. थंडीत वारा उत्तरेकडून येतो, मंद असतो, आणि रात्री जमीन थंड होऊन तिच्यावरील हवेचा थर वरच्या उबदार थराखाली झाकण लावल्यासारखा अडकतो. धुराड्यातून निघालेले वायू मग वर न जाता आडवे पसरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत पहाटे छाणीच्या बाजूने येणारा अमोनियाचा किंवा कुजक्या अंड्यांसारखा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

आमच्या लहानपणी गच्चीवरून रात्री रिफायनरीची ज्वाला दिसे. मुले तिला दिव्यासारखी मानीत. वडीलधाऱ्यांना तिच्यात वेगळेच काही दिसे; कोणाचा मुलगा तेथे फिटर म्हणून लागला होता, कोणाचा जावई प्रयोगशाळेत. ती ज्वाला म्हणजे संयंत्रातील जादा वायू जाळून टाकण्याची सोय असते. तो वायू तसाच सोडला तर स्फोटाचा धोका, म्हणून जाळावयाचा. नीट जळावा व काजळी धरू नये म्हणून त्यात वाफ सोडावयाची. ज्वाला एकाएकी उंच झाली, काळी झाली की आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. हे ज्ञान बडोद्याच्या वायव्येकडील सामान्य रहिवाशालाही पुढे अनुभवाने आले.

या उद्योगांनी आपल्या समाजाला काय दिले, ते न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या घरांतील माणसे विलीनीकरणानंतर पेन्शनच्या तुटपुंज्या रकमेवर दिवस काढीत होती, त्या घरांतील मुलांना केमिकल इंजिनिअर, ऑपरेटर, स्टेनो, लेखापाल अशा कायम नोकऱ्या मिळाल्या. फर्टिलायझरनगर, जवाहरनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. खत कारखान्याची वसाहत बाळकृष्ण दोशी यांच्यासारख्या वास्तुविशारदाने रेखिली. तेथे शाळा, दवाखाना, झाडे, गणेशोत्सव सर्व होते. वसाहतीच्या भिंतीबाहेर जुनी गावे होती. त्यांची शेते संपादित झाली होती, विहिरींच्या पाण्याला रंग आला होता, आणि भिंतीच्या आत व बाहेर हवा मात्र तीच होती. वसाहतीतील माणूस निवृत्तीनंतर अलकापुरीकडे किंवा कारेलीबागेत घर घेऊन राहू शके. बाजव्याचा शेतकरी कोठे जाणार?

पहिली वीस वर्षे शासनाचे लक्ष पाण्याकडे होते. ते स्वाभाविकही होते, कारण पाण्याचा रंग दिसतो आणि पिके जळतात. १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा झाला व त्याच वर्षी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी महीच्या मुखाकडे खंभातच्या आखातापर्यंत वाहून नेणारा सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा १९८३ मध्ये चालू झाला. हवेसाठी असा कालवा खणता येत नाही. तिच्यासाठी जो उपाय योजला गेला तो म्हणजे उंच धुराडे. प्रशासनातील मंडळींना ते सूत्र परिचित असेल : तासाला किती किलो गंधक डायऑक्साइड बाहेर पडतो त्या आकड्याचा ०.३ घात काढावयाचा, त्याला १४ ने गुणावयाचे, आणि उत्तर येईल तितके मीटर धुराडे उंच ठेवावयाचे; निदान ३० मीटर तरी हवेच. सूत्र शास्त्रीय आहे यात शंका नाही. पण त्याने वायूचा एक कणही कमी होत नाही. जवळच्या गावावर पडणारा भार लांबच्या गावांत वाटला जातो, एवढेच.

हवेचा स्वतंत्र कायदा १९८१ मध्ये आला आणि त्याखालील पहिली मानके नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाली. या मानकांचा इतिहास मला साऱ्या प्रकरणात सर्वांत बोधप्रद वाटतो. देशाची हवा तीन वर्गांत विभागली गेली : औद्योगिक, निवासी आणि संवेदनक्षम. तरंगत्या धुळीची मर्यादा दर घनमीटरला औद्योगिक क्षेत्रात ५०० मायक्रोग्रॅम, निवासी क्षेत्रात २०० आणि संवेदनक्षम क्षेत्रात १००. गंधक डायऑक्साइडसाठी १२०, ८० आणि ३०. १९९४ मध्ये मानके सुधारली, श्वसनातून फुफ्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीचा वेगळा विचार प्रथमच झाला, पण वर्गवारी तशीच राहिली. बारीक धुळीची वार्षिक सरासरी निवासी भागात ६०, औद्योगिक भागात १२०. याचा सरळ अर्थ असा की ज्या हवेत अलकापुरीच्या माणसाने राहू नये, त्याच्या दुप्पट धुळीच्या हवेत औद्योगिक पट्ट्यातील माणसाने राहावे, असे कायद्यानेच म्हटले होते. कारखान्यात माणूस आठ तास असतो, ही कल्पना कदाचित त्यामागे असेल. परंतु करचिया किंवा कोयली येथील बाळ चोवीस तास तेथेच असते.

फायलींमधून या वर्गवारीचे विलक्षण परिणाम मी पाहिले आहेत. मोजणीचे यंत्र ग्रामपंचायतीच्या छपरावर बसविले की ते ‘निवासी’, आणि पाचशे मीटरवर एखाद्या कारखान्याच्या कार्यालयाच्या गच्चीवर बसविले की ‘औद्योगिक’. आकडा तोच, पण पहिल्या ठिकाणी तो मर्यादेबाहेर आणि दुसऱ्या ठिकाणी मर्यादेत. अहवालात ‘मानकांच्या मर्यादेत’ असे लिहिताना कोणी खोटे लिहीत नव्हता, हेच त्यातील दुःख.

यंत्रे तरी कशी होती? मोठ्या पत्र्याच्या पेटीसारखी, घोंघावणारी. काचतंतूच्या गाळणीतून हवा ओढावयाची, आधी व नंतर गाळणी तोलावयाची, फरक म्हणजे धूळ. वायूंसाठी द्रावणाच्या नळ्यांतून हवेचे बुडबुडे सोडावयाचे व द्रावणाला येणाऱ्या रंगावरून प्रमाण काढावयाचे. आठवड्यातून दोन दिवस अशी मोजणी होई. वीज गेली की मोजणी थांबे. ज्या रात्री एखाद्या कारखान्यातून वायू सुटे, ती रात्र त्या दोन दिवसांत असेलच असे नव्हते. गावकऱ्यांच्या तक्रारी आणि अहवालांतील आकडे यांचे कधी जुळले नाही त्याचे अर्धे कारण येथे आहे.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ घडले. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने अधिनियमातील दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम अशी रांग लागली. भोंग्याचा अर्थ बदलला. पूर्वी भोंगा म्हणजे पाळी बदलली. आता भोंगा म्हणजे वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहा. एका सरावाच्या वेळी एका गावात एका म्हाताऱ्या काकींनी विचारलेला प्रश्न मला आठवतो. ओले फडके तोंडाला धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, असे आम्ही समजावीत होतो. त्यांनी शांतपणे विचारले, “भाई, अने भेंसनुं शुं?” म्हशीसाठी नियमांत तरतूद नव्हती.

या सर्व काळात एक सुधारणा कायद्यापेक्षा भूगर्भाने घडविली. तेलाबरोबर गॅस होता. बडोदे महापालिकेने १९७२ च्या सुमारास घरोघरी नळाने गॅस देण्यास आरंभ केला. त्या वेळी भारतातील मोजक्याच शहरांना ही सोय होती. चुली गेल्या, शेगड्या गेल्या, बंब माळ्यावर गेला. शहराच्या हवेवर झालेला हा उपकार आपण जवळजवळ विसरलो आहोत. कारखान्यांनाही गॅस मिळू लागला आणि १९९२ पासून विजेचा एक प्रकल्पही गॅसवर चालू लागला. रिफायनरीत १९९३-९४ मध्ये देशातील पहिला हायड्रोक्रॅकर आला, १९९९ मध्ये डिझेलमधील गंधक काढणारे संयंत्र आले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून ती मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. म्हणजे एक सहस्रांश. काढलेले गंधक पिवळ्या ढेपांच्या रूपाने विकले जाते. पूर्वी ते आपल्या नाकांतून जात होते. गंधक डायऑक्साइडचे आकडे बहुतेक भारतीय शहरांप्रमाणे बडोद्यातही आज मर्यादेच्या बरेच खाली आहेत, आणि ही नुसती कागदावरची सुधारणा नव्हे. पूर्वीचा घसा खवखवविणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा आंबट वास आज तितका येत नाही, हे वृद्ध रहिवासीही मान्य करतील.

धुळीची गोष्ट उलट आहे. तिला एक धुराडे नसते. रस्ते, बांधकामे, डिझेलच्या मालमोटारी, कोळशाचे लहान बॉयलर, शेतातील जाळणे या सर्वांतून ती येते, आणि वायू हवेतच एकत्र येऊन त्यांचेही सूक्ष्म कण बनतात. गॅसचे दर चढले की लहान कारखानदार कोळसा, लिग्नाईट किंवा लाकूडफाट्याकडे वळतो. गॅस महाग म्हणून मोरबीच्या टाइल उद्योगाने कोळशापासून वायू करण्याच्या भट्ट्या लावल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्या बंद करावयास लावाव्या लागल्या. मोठा कारखाना सुधारतो, त्याला परदेशी ग्राहक असतात, भागधारक असतात. पन्नास लहानांवर लक्ष ठेवणे कोणत्याही मंडळाला जड जाते. सुरतेत २०१९ मध्ये कारखान्यांच्या धुळीची एकूण मर्यादा ठरवून तिच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू करण्यात आली. धुळीपुरता जगातील तो पहिलाच प्रयोग. तिचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. बडोद्याने त्याचा अभ्यास करावा असे माझे मत आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये मानके पुन्हा बदलली, आणि या वेळी औद्योगिक व निवासी हा भेद पुसला गेला. बारीक धुळीची वार्षिक मर्यादा सर्वांना ६०, अतिसूक्ष्म कणांची ४०. कायद्याच्या दृष्टीने कोयलीचे फुफ्फुस व अलकापुरीचे फुफ्फुस २७ वर्षांनी सारखे झाले. त्याच यादीत बेंझिन प्रथमच आले, मर्यादा ५ मायक्रोग्रॅम. बेंझिन हे रक्ताच्या कर्करोगाला कारण होणारे द्रव्य. ते ज्या कुळातील आहे त्याला रसायनशास्त्रात ‘ॲरोमॅटिक’ म्हणजे सुगंधी म्हणतात. आय.पी.सी.एल.चा ॲरोमॅटिक विभाग १९७३ मध्ये चालू झाला होता. विभाग चालू होणे आणि सभोवतालच्या हवेत त्या कुळातील सर्वांत घातक द्रव्य किती असावे हे ठरणे, यांत ३६ वर्षे गेली.

त्याच वर्षी केंद्रीय मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध केला. अंकलेश्वर ८८.५० वर पहिले, वापी त्याच्या लगत, बडोदे ६६.९१, म्हणजे ‘अतिगंभीर’ या ७० च्या रेषेखाली. बडोदेकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. २०१८ च्या फेरीत तारापूर ९३.६९ ने पहिले आले, अंकलेश्वर व वापी काहीसे उतरले आणि बडोदे ८९.०९ वर, पहिल्या पाचांत जाऊन बसले. हवा, पाणी व जमीन तिन्ही मिळून हा आकडा होतो, आणि मधल्या काळात गणनेची पद्धतही बदलली, म्हणून दोन आकड्यांची थेट वजाबाकी करणे शास्त्राला धरून नाही. पण ज्या शहराने २००९ मध्ये आपण अंकलेश्वर नाही याचा आनंद मानला, त्या शहराला ही गोष्ट टोचली नाही, याचे नवल वाटते. वर्तमानपत्रांत दोन दिवस चर्चा झाली आणि उत्तरायणाचे पतंग आले.

मधल्या काळात मालकीही बदलली होती. आय.पी.सी.एल. २००२ मध्ये खाजगी हाती गेली व २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. रिफायनरी प्रारंभीच्या क्षमतेच्या कितीतरी पट वाढून वर्षाला १३७ लाख टनांवर पोचली आणि पुढील विस्तार हाती घेतला गेला. धुराड्यांवर आता स्वयंचलित यंत्रे आहेत, त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. आठवड्यातील दोन दिवसांची ती घोंघावणारी पेटी अजूनही आहे, पण तिच्यावरच सारे अवलंबून नाही. तरी बडोद्याच्या हवेतील बारीक धूळ वार्षिक ६० च्या मर्यादेवरच राहत आली आहे, आणि केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमात, निधी मिळणाऱ्या दशलक्षी शहरांत, अहमदाबाद, सुरत व राजकोटसह बडोद्याचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांसाठी सुचविलेली वार्षिक मर्यादा ५ आहे. आपली ४०.

११ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या साठवण टाकीला स्फोट होऊन आग लागली. दोन कामगार मृत्युमुखी पडले. धुराचा काळा स्तंभ शहराच्या कित्येक भागांतून दिसत होता. रिंगेलमानच्या तक्त्यावरील शेवटच्या चौकोनाइतका काळा. भोवतालच्या गावांतील लोक तो पाहून घराबाहेर आले. शहरातील लोक तो पाहण्यासाठी गच्चीवर गेले.